न ओरडण्याचा करार

सांता क्लारा
९ मार्च २०२६

प्रिय सुजाता,
जय भीम.

काल फोनवर आपण दोघी नुसत्या खिदळत बसलो आणि जे सांगायला फोन केला होता ते राहूनच गेलं. आपलं नेहमीचंच आहे हे. म्हणून ही मेल, आणि कराराप्रमाणे मराठीत. तुला आठवतोय ना करार? मी सोळा वर्षांची होते, तू मला भर पार्किंग लॉटमध्ये सगळ्या काका-काकूंसमोर ओरडलीस, मी रुसून जेवण सोडलं आणि शेवटी ओट्यापाशी तह झाला. तू मला कधी ओरडायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, घाबरवायचं नाही. मी तुला मराठीत लिहीत राहायचं. आई-मुलगी प्रकरण बंद, दोन मैत्रिणी सुरू. तेव्हापासून मी तुला नावाने हाक मारते आणि शेजारच्या शुभाकाकू दर वेळी नाक मुरडतात.

तर बातमी अशी, की प्रितमची व्हिसाची मुलाखत पुन्हा पुढे गेली. वडिलांच्या अंत्यविधीला म्हणून तो नागपूरला गेला, तेव्हा वाटलं होतं पंधरा-वीस दिवसांत शिक्का घेऊन परत येईल. आता थेट ऑगस्टची तारीख दिलीये. बाळ जूनअखेरीस येणार आणि बाळाचा बाप ऑगस्टनंतर. मी हसून घेतलं. तूही हस.

आणि लगेच बॅग भरू नकोस. बाळंतपणाला आई, डिंकाचे लाडू, कानाला स्कार्फ, हे सगळं शुभाकाकूंच्या घरी. आपण तसल्या नाही. तू मे महिन्यात ग्रँड कॅन्यन उतरायला जाणार आहेस ते रद्द केलंस तर मी बोलणार नाही. इथे दवाखाना दहा मिनिटांवर आहे, ऑफिसमधले लोक चांगले आहेत, मी धडधाकट आहे.

हो, एक गंमत. अपार्टमेंटचं लीज रिन्यू केलं. प्रितम देशात नाही म्हणून इमर्जन्सीसाठी तुझं नाव आणि नंबर दिला. नातं काय, तर लिहिलं 'फ्रेंड'. मॅनेजरने काही विचारलंही नाही.

तुझी,
उपासना

*

वेस्ट विंडसर
२२ मार्च २०२६

प्रिय उपासना,
सप्रेम जय भीम.

'फ्रेंड' वाचून मी लॅबमध्ये एकटीच हसले. देवानंदला दाखवलं तर तो म्हणाला, मग मी कोण, फ्रेंडचा नवरा? तुझा हा बाप सध्या सायकलचे तंग कपडे घालून रविवारी गायब असतो. आपल्या घरात प्रौढ माणूस म्हणून कुणी उरलेलंच नाही बघ.

प्रितमचं वाचून वाईट वाटलं. पण तू हसून घेतलंस ते बरं केलंस. तू म्हणतेस तर मी येत नाही. जूनमध्ये बाळ आलं की आठवडाभर येईन, पाहुणीसारखी.

इथे जयंतीच्या कार्यक्रमासाठी आम्ही लेझीम बसवतोय. पथकातल्या सगळ्या पोरी तुझ्याहून लहान. पहिल्या दिवशी एकीने मला काकू म्हटलं, तर बाकीच्यांनीच तिला गप्प केलं. डाव्या गुडघ्यातून कधीकधी कट्ट असा आवाज येतो, पण लेझमीच्या आवाजात कुणाला कळतोय!

शुभाने मात्र छळलं. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे, हे तुला माहीत आहे ना? केस पांढरे ठेवून, चष्म्याला साखळी लावून बसते आणि मला विचारते, लेकीच्या बाळंतपणाला कधी निघालीस? मी म्हटलं, माझ्या लेकीला बाळंतपण करणारी बाई नको, मैत्रीण हवी. ती मेथी निवडत राहिली.

तुझ्या जन्माच्या वेळी माझी आई सत्तेचाळीस वर्षांची होती. मी आज त्रेपन्नाची आहे. म्हणजे ती माझ्याहून लहान होती, आणि तरी अख्खी वस्ती तिला आजी म्हणायची. शाळेत शिकवून यायची, पांढऱ्या सुती साडीचा पदर खोचायची आणि सगळं तिला यायचं. तुला न्हाऊ घालणं, माझ्या पोटाला पट्टा बांधणं, अळिवाची खीर. मला त्यातलं काहीच येत नाही, उपासना. मी बाळंतपण कधी केलंच नाही, माझं केलं गेलं. तू बोलावलं नाहीस याचं खरं सांगते, मला हायसं वाटलं.

तुझी,
सुजाता

*

सांता क्लारा
१९ एप्रिल २०२६

प्रिय सुजाता,
जय भीम.

जयंतीचा व्हिडिओ पाहिला. तीनदा पाहिला. माझ्या टीममधल्या स्वानंदीला दाखवला तर ती म्हणाली, यार, तुझी मदर कुठली यातली? मला अभिमान वाटला आणि नंतर उगीचच रडू आलं. तू त्या पोरींबरोबर उड्या मारत होतीस आणि मी इथे सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. म्हटलं, या दोघींत म्हातारी कोण?

पाय सुजलेत म्हणून वर घेतले होते. हातही. लग्नाची अंगठी निघेना, साबण लावून कशीबशी काढली आणि गळ्यातल्या साखळीत अडकवली. डोकं जरा दुखतं, पण ते स्क्रीनमुळे असणार. मागच्या आठवड्यात डॉक्टरची अपॉइंटमेंट होती, ती मी कॅन्सल केली. आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं आणि मीच ऑन-कॉल होते. बाळंतपणाच्या रजेआधी कुणाच्या डोळ्यांत खुपायचं नाही, सध्या लोकांना कमी करतायत सगळीकडे. पुढची तारीख मिळाली आहे, मेच्या पहिल्या आठवड्यातली.

बाळंतपणाच्या क्लासला एकटी जाते. बाकीच्यांबरोबर कुणीतरी असतं. श्वासाचा सराव करताना माझा हात धरायला त्या क्लासवाल्या बाई येतात. त्या पासष्टच्या असतील, पण हात इतका घट्ट धरतात की सोडवासा वाटत नाही.

एक विचारू? क्लासमध्ये फॉर्म दिला होता, तुमच्या आईच्या बाळंतपणात काही अडचण आली होती का म्हणून. मी 'नाही' लिहिलं. तू नेहमी ती रिक्षाची गोष्ट सांगतेस. तेवढंच झालं होतं ना?

उपासना

*

वेस्ट विंडसर
२६ एप्रिल २०२६

प्रिय उपासना,
जय भीम.

रिक्षाची गोष्ट! ती तर हजारदा सांगितली आहे, पण येणाऱ्या बाळासाठी पुन्हा एकदा सांगते. कळा सुरू झाल्या, देवानंदने रिक्षा आणली आणि इंदोरा चौकात त्या रिक्षाचं पेट्रोल संपलं. देवानंद मागून ढकलतोय, रिक्षावाला पुढून ओढतोय आणि तुझी आजी आत बसून अशी ओरडतेय की चौकातली दुकानं थांबून बघतायत. दवाखान्यात पोचलो आणि तू आलीस. झालं. आजही देवानंद म्हणतो, त्या दिवशी रिक्षा पेट्रोलवर नाही, सासूबाईंच्या आवाजावर चालली.

अंगठी साखळीत घातलीस ते छान केलंस. हा सल्ला नाही, पण मीठ जरा कमी खा. हेही सल्ल्यातच येतं का? येत असेल तर खोडून टाक. मी एक वाक्य लिहिलं होतं अपॉइंटमेंटबद्दल, तेही मीच खोडलं. तू अठ्ठावीस वर्षांची आहेस, सगळं वाचतेस, तुला माझ्याहून जास्त कळतं. मी घाबरट काकू होणार नाही असं वचन दिलंय, ते पाळते आहे. पण हे लिहिताना हात थांबत होता हे तुला सांगून ठेवते.

आम्ही मैत्रिणी ४ मेला निघतोय. ६ तारखेला सकाळी दरीत उतरायचं, तळाशी मुक्काम, मग वर. खाली फोन चालत नाही. पाठीवरची बॅग तोलून पाहिली, जमतंय. नको जाऊ असं तू एकदा म्हणालीस तर राहीन मी.

सुजाता

*

सांता क्लारा
५ मे २०२६

आई,

विशेष काही नाही. तू पोचली असशील. फोटो छान आलेत, लाल टोपी तुला शोभते.

उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचंच आहे. आज दुपारपासून डोळ्यांपुढे बारीक ठिणग्या दिसतात. मान वळवली की त्या मागे मागे येतात. कोडची एक ओळ पुन्हा पुन्हा वाचली, अर्थ लागेना. म्हणून रजा टाकून झोपले होते.

मी घाबरलेय. पण घाबरायचं कुणासमोर, ते कळत नाही. प्रितमला सांगितलं तर तो तिथे भिंतीवर डोकं आपटेल, त्याला काही करता येणार नाही. माझी मॅनेजर पन्नाशीची आहे, ती म्हणाली, गर्ल, यू गॉट धिस. बाबाला फोन केला तर तो टेकडी चढत होता, धापा टाकत म्हणाला, एन्जॉय कर हे दिवस. तुम्ही सगळे किती छान आहात. सगळे माझ्याच वयाचे आहात. माझ्या आजूबाजूला मोठं माणूसच नाहीये. लहानपणी मी पडले की आधी तुझं तोंड बघायचे. तू घाबरलीस तर रडायचे, नाहीतर उठून खेळायला पळायचे. आता तू घाबरतच नाहीस, तर मला कळतच नाही की लागलंय की नाही.

तू दरीत उतर. खरंच. मी उगाच लिहितेय.

उपासना

*

विमानातून
६ मे २०२६

उपासना,

ही मेल विमान उतरल्याशिवाय जाणार नाही हे मला माहीत आहे. तू वाचशील की नाही हेही माहीत नाही. पण हात रिकामे ठेवले तर मी या विमानात किंचाळेन, म्हणून लिहिते.

तुझी मेल मी दरीच्या काठावर वाचली. बुटांच्या नाड्या बांधून झाल्या होत्या. बाकीच्या फोटो काढत होत्या. पहिला शब्द वाचला आणि पुढचं काही वाचायच्या आधीच मी पाठीवरची बॅग खाली टाकली. बारा वर्षं तू मला आई म्हणाली नाहीस. ठिणग्यांपर्यंत मी नंतर पोचले. त्या शब्दानेच मला कळलं होतं.

फोन लावला, उचलला नाहीस. पुन्हा लावला. पुन्हा. मदतीसाठी ९११ लावलं तर ते ॲरिझोनात लागलं, ते कॅलिफोर्नियाला जोडून देतो म्हणाले आणि मी ताटकळत उभी. तेवढ्यात एका मैत्रिणीच्या फोनवरून मी तुझ्या अपार्टमेंटच्या ऑफिसला लावला. मॅनेजर म्हणाला, आपण कोण? माझ्या तोंडून सवयीने गेलं, फ्रेंड. तो म्हणाला, हो, इथेही तसंच लिहिलंय, पण फ्रेंडसाठी आम्ही दार उघडत नाही. मी म्हटलं, नाही नाही, मी आई आहे. तर तो हसला गं. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, मॅम, यू डोन्ट साउंड लाइक अ मॉम.

मग काय झालं ते ऐक. माझ्या तोंडातून माझ्या आईचा आवाज आला. मी त्या माणसाला ओरडले. इंग्रजीत सुरू केलं आणि मराठीत गेले. दार उघड म्हणाले, आत्ताच्या आत्ता उघड, माझी पोर आहे आत. त्याला शब्द कळले नसतील, पण पुढच्या क्षणी मला त्याच्या धावण्याचा आवाज आला. किल्ल्यांचा आवाज आला. मग तो कुणालातरी 'अँब्युलन्स' म्हणाला, आणि मला म्हणाला, शी इज ऑन द बाथरूम फ्लोर. शी इज ब्रीदिंग. नंतर त्याने फोन तसाच जमिनीवर ठेवला असावा, कारण मला फक्त तुझे दात एकमेकांवर वाजताना ऐकू आले. तो आवाज मी ओळखला.

आता रिक्षाची खरी गोष्ट सांगते.

इंदोरा चौकात पेट्रोल संपलं हे खरं. देवानंद ढकलत होता हेही खरं. पण माझी आई रिक्षावाल्याला ओरडत नव्हती. ती मला ओरडत होती. मला झटके येत होते. हात-पाय सुजले होते, डोळ्यांपुढे अशाच ठिणग्या. तिने आपल्या साडीचा पदर माझ्या दातांत कोंबला होता आणि ती ओरडत होती, सुजे, डोळे उघड. सुजे, खबरदार झोपलीस तर. शुद्ध जात होती तेव्हा मला तोच एक आवाज येत होता. मी त्या आवाजाला धरून होते. जागी झाले तेव्हा तू जन्मून दोन दिवस झाले होते. आईने नंतर कधी विषय काढला नाही, आणि मी लोकांना हसवता हसवता स्वतःसाठीही ती गंमत करून टाकली. रक्तदाबाचं हे दुखणं आईकडून मुलीकडे येऊ शकतं हे मला ठाऊक आहे. मी लॅबमध्ये काम करणारी बाई आहे. तू सरळ विचारलंस आणि मी तुला पेट्रोलची गोष्ट सांगितली.

आई सत्तेचाळीसची असून तिला एवढं ओरडता कसं येत होतं? मला वाटायचं, ती जुन्या काळातली, तिला दुसरं काही येत नव्हतं. तुला लाजवायचं नाही म्हणून मी ओरडणं सोडलं, केस काळे ठेवले, तुझ्या गाण्यांवर नाचले. तुझ्या जवळ यायचं होतं मला. इतकी जवळ आले की तुझ्या वरच्या बाजूला कुणीच उरलं नाही.

शेजारचा माणूस विचारतोय बरी आहेस का. माझ्या बुटांवर अजून दरीची माती आहे. देवानंद न्यू जर्सीच्या घरून निघालाय. प्रितमला मी फोन करून सांगितलं, तेव्हा मागून त्याच्या आईचा 'काय झालं रे' असा आवाज येत होता.

उपासना, डोळे उघड. ऐकतेस ना? खबरदार झोपलीस तर.

विमान खाली उतरतंय.

आई

*

सांता क्लारा
११ जून २०२६

प्रिय आई,
जय भीम.

तू बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आहेस, मी आत पलंगावर. मध्ये एक दार आहे आणि तेही उघडंच आहे. तरी मेल लिहितेय, कारण तोंडाने सांगायला गेले की तू लगेच 'बोलू नकोस, दम लागेल' म्हणतेस.

तुझी विमानातली मेल मी आज वाचली. इतके दिवस धीर झाला नव्हता. मला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. दवाखान्यातलंही तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. दिवे, कुणीतरी हातात टोचलेली सुई, आणि मध्येच बाळ काढलं असं सांगणारा एक आवाज. पण एक गोष्ट पक्की आठवते. कुणीतरी मला ओरडत होतं. नर्स सांगतात, तुला दोनदा बाहेर जायला सांगितलं आणि तू गेली नाहीस. त्यांच्या कागदावरही तू फ्रेंडच होतीस म्हणे. मग तुझ्याकडे बघून त्यांचीच विचारायची हिंमत झाली नाही.

मला अजून भीती वाटते. डॉक्टर म्हणाले, ब्लड प्रेशर यापुढेही जपावं लागेल. कपाळ जरा ठणकलं की मी आधी तुझ्याकडे बघते. तू मशीन आणतेस, पट्टा गुंडाळतेस, आकडा बघतेस आणि तुझं तोंड बघून मला कळतं. परवा आकडा वर गेला तेव्हा तू घाबरलीस. अगदी चेहरा पांढरा पडेपर्यंत घाबरलीस. मला रडू आलं, पण बरं वाटलं. रडता आलं म्हणून बरं वाटलं.

तुझ्या केसांच्या मुळाशी बोटभर पांढरं दिसायला लागलंय. काल तू आरशात बघत होतीस.

उद्या बाळ घरी येणार. पाच आठवडे ती काचेच्या पेटीत होती, तिथे प्रत्येक श्वासाला मशीन वाजायचं. उद्यापासून मशीन नाही. प्रितम व्हिडिओवर असेल, तिला धरून बघायला अजून ऑगस्ट, आणि तोही नक्की नाही. काल मी तिला छातीशी धरलं तर तिने डोळे उघडून माझं तोंड बघितलं. बघतच राहिली. आणि मला कळलं, ती आता माझ्या तोंडावरून ठरवणार आहे की घाबरायचं की नाही. मी आतून सोळाची आहे, आई. मला अजून त्या पार्किंग लॉटमध्ये रुसून उभं असल्यासारखं वाटतं. तिच्यासमोर मोठं माणूस म्हणून कुणीतरी उभं राहायला हवं, आणि दवाखान्यातून निघताना ते लोक बाळाला माझ्याच हातात देणार.

मी शिकेन. पण वेळ लागेल. तोवर तू थोडी म्हातारी राहा. दरी कुठे पळून जात नाही, लेझीमही नाही. अजून काही दिवस तेवढी राहा.

आणि उद्या एक कर. कार सीटचा पट्टा मला नीट बांधता येत नाही, तीनदा व्हिडिओ बघून झाला तरी येत नाही. उद्या पार्किंगमध्ये, नर्स असेल, बाबा असेल, स्वानंदी येणार आहे, त्या सगळ्यांसमोर मला ओरड. मी उलटून बोलेन. तरी ओरड.

तुझी मुलगी,
उपासना